ऐकू येणारे आणि कळणारे

माझे काम यंत्रांच्या वापराच्या पुस्तिका लिहिण्याचे आहे. यंत्र कसे सुरू करायचे, कोणती झडप आधी उघडायची, कोणता दिवा लागल्यावर हात मागे घ्यायचा, हे वाचणाऱ्याला एकदाच वाचून कळावे अशा भाषेत उतरवायचे. या लेखनात वाक्ये छोटी असतात, पण ती लिहिताना डोक्यात एका वेळी बरेच काही धरून ठेवावे लागते. मागच्या पायरीत झडप उघडी सोडली होती की बंद, चित्रातला क्रमांक मजकुरातल्या क्रमांकाशी जुळतो का, वाचणारा या क्षणी यंत्राच्या कोणत्या बाजूला उभा आहे. ओंजळीत पाणी धरून चालावे तसे हे असते. कोणाचा धक्का लागला की ओंजळ रिकामी होते आणि पुन्हा पहिल्या पायरीपाशी जाऊन ती भरावी लागते.

आमच्या नव्या ऑफिसात माझ्या पाठीमागे, जेमतेम चार पावलांवर, ग्राहकांच्या अडचणी फोनवर सोडवणारी टीम बसत असे. एका सकाळी मी सुरक्षेच्या सूचनांचा भाग लिहीत होते. मागून आवाज आला, "बरं, म्हणजे तुम्ही लाल बटण दाबलंत." मग काही नाही. "हो." पुन्हा काही नाही. "नाही नाही, ते नको. ते तसंच राहू द्या." आणि मग जरा लांबलेली शांतता. माझी बोटे कळफलकावर होती, डोळे पडद्यावर होते आणि मी चक्क वाट पाहत होते. पलीकडच्या माणसाने काय सांगितले असेल, त्याने ते दुसरे बटण आधीच दाबून तर टाकले नाही ना, याची मला काळजी लागून राहिली होती. माझ्या स्वतःच्या वाक्यातली झडप उघडी होती की बंद, हे मात्र आठवेना. तो एक परिच्छेद त्या दिवशी मी पाच वेळा पहिल्यापासून लिहायला घेतला.

पुढे बऱ्याच दिवसांनी मला या अनुभवाचे स्पष्टीकरण सापडले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना संगणकावर बारीक लक्ष लागेल अशी कामे दिली आणि पाठीमागे कधी दोघांचे पूर्ण संभाषण ऐकवले, कधी एकाच माणसाचे सलग बोलणे, तर कधी फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू. कामात चुका वाढल्या त्या फक्त अर्धे संभाषण ऐकू येत होते तेव्हा. पूर्ण संभाषणात पुढचे वाक्य कुठे जाणार याचा मनाला थोडाफार अंदाज असतो. अर्ध्या संभाषणात तो अंदाज बांधता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याच्यामागे मन जात राहते. या प्रयोगाचा दुसरा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. तेच अर्धे संभाषण आवाजावर प्रक्रिया करून असे ऐकवले की बोलण्याचे चढउतार तेवढे राहिले, पण शब्द कळेनासे झाले. तेव्हा व्यत्ययही नाहीसा झाला. आवाज होता आणि माणूसही बोलत होता, पण शब्द पोहोचत नव्हते.

ऑफिसातल्या आवाजाबद्दल मला जे काही म्हणायचे आहे ते सगळे या एका फरकाभोवती फिरते. जे नुसते ऐकू येते ते माणूस बऱ्याच अंशी सहन करू शकतो. जे कळते त्यापासून त्याची सुटका नसते. आणि कोणाचे बोलणे कोणाच्या कानापर्यंत कळण्याइतके पोहोचणार, हे बोलणाऱ्याच्या शिष्टाचारावर किंवा ऐकणाऱ्याच्या मनोबलावर फार थोडे अवलंबून असते. ते ठरते ऑफिसच्या मांडणीत, माणसे बसायला येण्याच्या कितीतरी आधी.

या नव्या ऑफिसात येण्याआधी आम्ही तिघा-चौघांच्या खोल्यांमध्ये बसत होतो. खोल्या जुन्या होत्या, उजेड बेताचा होता, आणि नव्या जागेचा आनंद मलाही झाला होता हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. नवा हॉल प्रशस्त होता. एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, वर फॉल्स सीलिंग काढून टाकून उघडे ठेवलेले काँक्रीट, खाली गुळगुळीत फरशी आणि मध्ये लांबच लांब टेबले. काही ठिकाणी कार्पेटचे तुकडे घातले होते, तेही वाटा दाखवण्यासाठी. भिंतीवर लावलेल्या नकाशात प्रत्येक टीमला एकेक रंग दिला होता. पुस्तिका लिहिणाऱ्यांना आणि फोनवरच्या टीमला शेजारी-शेजारी बसवण्यामागे विचार होता आणि तो वरवर पाहता चांगलाच होता: दोघांचाही संबंध ग्राहकाला पडणाऱ्या प्रश्नांशी, तेव्हा दोघे जवळ असले की एकाचे ज्ञान दुसऱ्याला मिळेल. कामाच्या विषयावरून शेजार ठरवला गेला. एक टीम दिवसभर बोलून काम करते आणि दुसरी दिवसभर न बोलता, ही गोष्ट नकाशावर कुठेच दिसत नव्हती.

तक्रार केल्यावर इमारतीची व्यवस्था पाहणारे गृहस्थ आवाज मोजायचे यंत्र घेऊन आले. माझ्या टेबलापाशी ते यंत्र ५२ डेसिबल दाखवत होते, मधूनच ५५. एक मीटरवरून साध्या बोलण्याचा आवाजच सुमारे ६० डेसिबल भरतो, तेव्हा हा आकडा काही गोंगाटाचा नव्हता, आणि त्यांनी तसे सौजन्याने सांगितलेही. त्यांचे मोजमाप खरे होते. पण डेसिबल म्हणजे आवाजाचा जोर. त्या आवाजात काय आहे हे तो आकडा सांगत नाही. पंख्याचे ५२ डेसिबल आणि "ते दुसरं बटण दाबू नका" याचे ५२ डेसिबल त्या यंत्राला सारखेच. आमची तक्रार तिथेच मिटली. त्यानंतर काही दिवस मला खरोखरच वाटत राहिले की दोष माझाच असावा, बाकीच्यांना जमते ते मला जमत नसावे.

या कानाने ऐकावे आणि त्या कानाने सोडून द्यावे, असे आपण सहज म्हणतो. सल्ला किंवा टोमणा असा सोडून देता येतही असेल. पण आठवणीच्या बळावर चालणाऱ्या कामात मन ते करू शकत नाही, हे मानसशास्त्राला जवळजवळ पन्नास वर्षे ठाऊक आहे. हर्बर्ट कोल आणि अ‍ॅलन वेल्श यांनी १९७६ साली दाखवलेली गोष्ट अशी की, लोकांना अक्षरांची एक ओळ दाखवून ती त्याच क्रमाने आठवायला सांगितली आणि त्याच वेळी मागे कोणी वाचत असेल, तर आठवण्यात चुका वाढतात. त्यांनी मागे लावलेले वाचन जर्मन भाषेत होते आणि ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हते. त्या आवाजाकडे लक्ष देऊ नका असे सांगूनही फरक पडत नाही. पुढच्या काळात याच विषयावर असंख्य प्रयोग झाले, आणि त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होत गेल्या. एक म्हणजे आवाज थोडा लहान-मोठा केल्याने या व्यत्ययात फारसा बदल होत नाही. बदल होतो तो आवाज सतत रूप पालटतो की एकसारखा राहतो यावर. एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू आले तर मन त्याला सरावते, अक्षरे बदलत राहिली तर सरावत नाही, आणि माणसाच्या बोलण्यात तर प्रत्येक क्षणी अक्षर बदलते. दुसरी गोष्ट म्हणजे काम जर वाचण्या-लिहिण्याचे असेल, तर बोलण्याचा अर्थही आड येतो. जे मन माझ्या वाक्याचा अर्थ जुळवत असते, तेच मागून आलेल्या वाक्याचाही अर्थ जुळवायला जाते, मी त्याला परवानगी देवो अथवा न देवो. मला हे वाचून हायसे वाटले होते. पाच वेळा परिच्छेद लिहिणे हा माझ्या स्वभावातला ढिलेपणा नव्हता.

मोकळ्या ऑफिसची कल्पना नवी नाही आणि तिच्यामागची माणसे बेफिकीरही नव्हती. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी बफलो शहरात साबण विकणाऱ्या लार्किन कंपनीसाठी बांधलेली इमारत १९०६ साली पूर्ण झाली, तिच्या मधोमध वरून उजेड येणारा उंच चौक होता आणि तिथे ओळीने टेबले मांडलेली होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी टेबलांच्या सरळ रांगा मोडून, कामाच्या कागदांचा आणि बोलण्याचा प्रवाह पाहून, माणसांचे पुंजके मांडायला सुरुवात केली. रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी १९६४ साली जे नवे फर्निचर आखले आणि मग ते सुधारून १९६८ साली जी हलवता येणारी पार्टिशने काढली, त्यांत त्यांना हवे होते ते प्रत्येकाच्या कामाप्रमाणे बदलणारे, ऐसपैस कोन. पुढे त्याच सामानातून एकसारख्या चौकोनी क्युबिकलची शेते उभी राहिली, याचे त्यांना मरेपर्यंत वाईट वाटत राहिले. या सगळ्या इतिहासात मला एकच धागा दिसतो. आराखडा डोळ्यांनी तपासला जातो. उजेड, वाटा, माणशी जागा आणि रंग कागदावर दिसतात. आवाज कागदावर उमटत नाही, म्हणून तो राहून जातो आणि माणसे राहायला आली की मगच भेटतो.

आवाजाचेही गणित मांडता येते हे ज्याने दाखवून दिले, त्याची गोष्ट मला फार जवळची वाटते. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उघडली आणि तिच्यातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणाला समजेना. शब्द संपला तरी तो सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि तेवढ्यात पुढचे दहा-पंधरा शब्द त्यात मिसळून जात. वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकावर हे काम सोपवले गेले. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, त्या सभागृहात थोड्या-थोड्या करून मांडल्या आणि ऑर्गनची एक नळी वाजवून, ती थांबल्यावर आवाज किती वेळ कानाला लागतो हे तो घड्याळ लावून मोजत बसला. बाहेर सामसूम असेल तेव्हाच हे जमे, म्हणून काम रात्री चाले आणि सकाळच्या आत गाद्या परत जागेवर न्याव्या लागत. दोन-तीन वर्षांच्या या खटाटोपातून जे सूत्र निघाले ते आजही ऑफिसची आखणी करताना वापरतात: आवाज किती घुमणार हे खोलीचे आकारमान आणि तिच्यात आवाज शोषून घेणारे किती आहे, या दोहोंच्या प्रमाणावर ठरते. शोषणाचे माप म्हणून सबाइनने उघडी खिडकी घेतली. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक एकक. बाकी प्रत्येक वस्तू, मग ती गादी असो, पडदा असो की माणूस, उघड्या खिडकीच्या किती बरोबरीची आहे असे विचारता येते.

हे वाचल्यावर मी आमच्या हॉलकडे त्या नजरेने पाहिले. काच, काँक्रीट, फरशी, पत्र्याची कपाटे. उघड्या खिडकीच्या जवळपास जाईल असे त्यात फारच थोडे होते. एका टोकाला कोणी फाइल टेबलावर आपटली की दुसऱ्या टोकाची मान वर होत असे. त्यात आणखी एक भर पडते, तिचे नाव लोम्बार्ड परिणाम. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली टिपलेली ही गोष्ट: आसपास आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचाही आवाज चढवतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये तिघे फोनवर असले की चौथा मोठ्याने बोलतो, त्यामुळे पहिले तिघेही. सकाळी अकराच्या सुमारास आमचा हॉल असा चढत जाई. यात कोणा एकाला दोष द्यावा असे काही नव्हते.

पण गंमत अशी की, माझे सर्वांत वाईट दिवस ते नव्हतेच. सगळे वाईट दिवस सुटीच्या आसपासचे, जेव्हा हॉल अर्धा रिकामा असे. भर गर्दीत वीस आवाज एकमेकांत मिसळून त्यांची एक गजबज होते आणि त्यातून एखादेच वाक्य वेगळे निघते. रिकाम्या हॉलमध्ये एकटीच सहकारी फोनवर असली की तिचे प्रत्येक वाक्य, त्यातल्या स्वल्पविरामासकट, माझ्यापर्यंत येई. यंत्र त्या दिवशी बहुधा ४५ च्या खाली दाखवत असेल. ऑफिस जितके शांत, तितके शब्द स्पष्ट आणि तितके ते दूर जाणारे. शांतता हवी अशी मागणी करणाऱ्या माझ्यासारखीला हे पचवायला वेळ लागला.

एका संध्याकाळी मी आणि तीच फोनवरची सहकारी मागे थांबलो. ती माझ्या मागच्याच रांगेत बसायची, लाल बटणाचा आवाज तिचाच होता. मी तिला माझी एक पुस्तिका दिली आणि फोनवर बोलते तशा आवाजात वाचायला सांगितले. ती आपल्या खुर्चीत बसून वाचू लागली आणि मी पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे सरकत गेले. दर दोन पावलांना मी थांबून, ऐकलेले शेवटचे वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहत होते. आठव्या पावलाला सगळे कळत होते. पंधराव्यालाही. हॉलच्या मध्यावर, प्रिंटरच्या पुढे, वाक्यातला एखादा शब्द गळायला लागला. वाक्यातला निम्मा भागच हाती लागतोय असे जिथे वाटले तिथे मी फरशीवर कागदी टेपची एक पट्टी चिकटवली. नंतर मोजली तर ती तिच्या खुर्चीपासून तेरा मीटरवर होती. तेरा मीटरच्या त्या वर्तुळात एकूण एकवीस टेबले येत होती, त्यांत आमच्या टीमची सगळी.

आम्ही केले ते अगदी ओबडधोबड होते, पण अशा मोजणीचे एक अधिकृत रूप आहे हे मला नंतर कळले. आयएसओ ३३८२-३ हे मोकळ्या ऑफिसांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ साली आले आणि २०२२ मध्ये सुधारले गेले. त्यात एका जागी ठेवलेल्या स्पीकरमधून आवाज सोडतात, आणि टेबलांच्या ओळीतून मागे-मागे जात बोलणे किती स्पष्ट पोहोचते हे शून्य ते एक अशा मापावर मोजतात. हे माप जिथे ०.५० च्या खाली उतरते, तेवढ्या अंतराला विचलन-अंतर म्हणता येईल. पहिल्या आवृत्तीतल्या मार्गदर्शनाप्रमाणे हे अंतर ५ मीटरच्या आत असेल तर ऑफिस चांगले आणि १० मीटरच्या पुढे गेले तर वाईट. त्याच्याच जोडीला दुसरी मोजणी असते ती अंतर दुप्पट झाल्यावर बोलण्याचा जोर किती उतरतो याची. उघड्या मैदानात तो ६ डेसिबलने उतरतो. चांगल्या आखलेल्या ऑफिसात, वाटेतल्या आडोशांमुळे, ७ किंवा अधिकने. कठीण पृष्ठभागांच्या हॉलमध्ये मात्र आवाज छतावरून आणि काचेवरून परतून येतो, म्हणून तेवढाही उतरत नाही. डेसिबलचा एकच आकडा घेऊन आलेल्या त्या सद्गृहस्थांकडे हे मानक असते, तर आमचे संभाषण फार निराळे झाले असते.

त्या संध्याकाळी वाचून झाल्यावर आम्ही तिथेच बोलत बसलो, आणि मला ठाऊक नसलेली एक बाजू कळली. "तुमच्याकडे पाठ करून बसते ना, तरी मला कळतं, मी बोलायला लागले की तुमच्या बाजूचं टायपिंग थांबतं," ती म्हणाली. आम्हाला त्रास होऊ नये म्हणून ती हळू बोलायचा प्रयत्न करी, मग पलीकडच्या ग्राहकाला ऐकू येत नसे, तो वैतागे आणि तिला तेच तीनदा सांगावे लागे. कोणी ग्राहक रागावून बोलला तर त्याला धीर देतानाचे आपले शब्द वीस माणसे ऐकत आहेत, याचे तिला ओझे वाटे. ज्या मांडणीने माझी एकाग्रता नेली होती, तिनेच तिचा एकांतही नेला होता, आणि आम्ही दोघी इतके महिने मनातून एकमेकींवर नाराज होतो.

मोकळ्या मांडणीच्या बाजूने नेहमी सांगितले जाते ते असे की भिंती गेल्या की माणसे जास्त बोलतात. जवळ बसण्याचा फायदा खोटा नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमधले टॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात दाखवले होते की इंजिनिअरांच्या टेबलांमधले अंतर वाढते तसे त्यांचे परस्परांशी बोलणे झपाट्याने घटते. पण जवळ बसणे आणि उघड्यावर बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत, भिंती काढण्याच्या आधी आणि नंतर, कर्मचाऱ्यांच्या अंगावर छोटी नोंदयंत्रे लावून समोरासमोरचे बोलणे मोजले होते. ते सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि त्या जागी ईमेल आणि संदेश वाढले. आमच्या टीमचे हेच झाले होते. जुन्या खोलीत मी मान वळवून विचारत असे, "इथे 'घट्ट करा' लिहू की 'आवळा'?" आणि चार मतांची छान चर्चा होत असे. हॉलमध्ये आम्ही शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला संदेश पाठवू लागलो. सगळ्यांना ऐकू जाईल या धास्तीने गप्प, आणि सगळ्यांचे ऐकू येते म्हणून अस्वस्थ, अशी आमची स्थिती होती.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मात्र चुका वाढण्याची नाही. गॅरी इव्हान्स आणि डॅना जॉन्सन यांनी २००० साली केलेला एक छोटा प्रयोग आहे. कारकुनी काम करणाऱ्या ४० स्त्रियांपैकी काहींना शांत जागी आणि काहींना मोकळ्या ऑफिसच्या साध्याच, बेताच्या आवाजात तीन तास बसवले. टायपिंगच्या कामात फरक पडला नाही. ताण वाटतो का असे विचारले तर त्यांनी वेगळे काही सांगितले नाही. पण आवाजात बसलेल्यांच्या शरीरात ताणाशी निगडित अ‍ॅड्रेनलिन वाढलेले होते, आणि नंतर दिलेली न सुटणारी कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. खुर्चीत बसण्याची पद्धत बदलून अंगाला आराम देणेही त्यांच्याकडून कमी झाले होते. हे वाचताना मला माझी दिवसभराच्या कामांची वही आठवली. हॉलमध्ये आल्यापासून माझी छोटी कामे, म्हणजे चित्रांचे क्रमांक तपासणे, जुन्या पानांवरच्या तारखा बदलणे, वेळेच्या आधी होत होती. सुरक्षेचे प्रकरण आणि नव्या यंत्राची पहिलीच पुस्तिका, अशी जी कामे करण्यासाठी मी आहे, ती दर आठवड्याला पुढच्या पानावर ढकलली जात होती. हजेरी, वेग, पूर्ण झालेल्या कामांची संख्या यांतले काहीच घसरले नव्हते. कोणत्याही अहवालात न दिसता माझी कठीण कामाला हात घालायची उमेद तेवढी कमी झाली होती.

हेडफोन हा यावर सर्वांत सोपा सांगितला जाणारा उपाय. मी ते दीड वर्ष वापरले. सतत गुणगुणणारा आवाज ते चांगला कापतात, बोलणे पूर्ण कापत नाहीत, आणि शब्द असलेले गाणे लावले तर मागून येणाऱ्या शब्दांच्या जागी आपण स्वतःच दुसरे शब्द आणून ठेवतो. शिवाय दिवसाचे आठ तास कान झाकून बसणे हा ऑफिसच्या आखणीचा खर्च कर्मचाऱ्याच्या कानांवर टाकण्याचा प्रकार आहे, असे माझे ठाम मत आहे.

टेपच्या पट्टीचा उपयोग झाला. आम्ही आमच्या विभागप्रमुखांना एका संध्याकाळी थांबायची विनंती केली आणि त्यांना पट्टीवर उभे केले. माझ्या त्या सहकारीने वाचायला सुरुवात केली. ते दोन मिनिटे ऐकत राहिले, मग स्वतःहून मोजल्यासारखे करत वर्तुळातल्या टेबलांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "इथून मला तुमचं पान पाठ होईल." आकड्याने जे झाले नव्हते ते तेरा मीटर चालण्याने झाले.

सगळ्यात मोठा फरक पडला तो ज्याला काहीच खर्च आला नाही त्याने: जागांची अदलाबदल. बोलून काम करणाऱ्या टीम एका टोकाला, न बोलता काम करणाऱ्या दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या पट्ट्यात प्रिंटर, कपाटे आणि छोट्या बैठकांची जागा. मुख्य वाट आमच्या टेबलांमधून जात होती, ती भिंतीच्या कडेने वळवली, कारण वाटेवरच्या टेबलापाशी माणसे थांबतात आणि उभ्याउभ्या मीटिंग होते. मग फोनच्या टीमच्या डोक्यावर छताला आवाज शोषणारे जाड फलक टांगले गेले. हे पार्टिशनच्या आधी करणे गरजेचे होते, कारण वरचे छत कठीण असेल तर आवाज पार्टिशनवरून उडी मारून पलीकडे उतरतो. पार्टिशनेही बदलली. आधीची बसलेल्या माणसाच्या हनुवटीपर्यंत येत, म्हणजे त्यांच्यावरून समोरचा चेहरा दिसे, आणि जिथून बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो तिथे त्याचे शब्दही सरळ पोहोचतात. मीटिंगच्या खोलीतले बोलणे बाहेर येई, त्याचे कारण शोधताना कळले की तिची भिंत हॉलच्या उघड्या छतापर्यंत गेलेलीच नव्हती. वर हातभर फट सोडून तिथे शोभेची जाळी लावली होती. दाराखालची फट बोटभर होती, आणि आवाजाला तेवढी पुरते. दोन्ही बुजवल्या. दोन माणसांपुरत्या दोन बंद खोल्या केल्या, अवघड फोनसाठी.

शेवटी हॉलमध्ये हवेच्या सळसळीसारखा एक मंद, एकसारखा आवाज सोडण्याची यंत्रणा बसवायची की नाही यावर बरीच चर्चा झाली. शब्द झाकायला असा आवाज उपयोगी पडतो. तो सहसा ४० ते ४५ डेसिबलच्या आसपास ठेवतात आणि त्याहून वाढवला तर तोच त्रास होऊन बसतो. शोषण, आडोसा आणि झाकणारा आवाज ही तिन्ही एकत्र असली तरच विचलन-अंतर पुरेसे आखडते, एकट्या एकाने नाही, असे या विषयातले जाणकार सांगतात आणि ते मला पटते. तरी माझा कल असा की तो सगळ्यात शेवटी आणावा. चुकीच्या शेजारावर आवाज पांघरून तो शेजार बरोबर होत नाही. आमच्याकडे तो फक्त न बोलणाऱ्यांच्या टोकाला आहे, आणि आता मला तो चालू आहे की बंद हे मुद्दाम कान दिल्याशिवाय सांगता येत नाही.

सगळे झाल्यावर आम्ही दोघी पुन्हा एका संध्याकाळी थांबलो. जुनी पट्टी अजून फरशीवर होती, कडा काळ्या झालेली. ती नव्या जागी बसली, तीच पुस्तिका उघडली आणि वाचू लागली. चौथ्या पावलाला सगळे कळत होते. सातव्याला "झडप" कळले आणि त्यापुढचे निसटले. आठव्याला मी खाली वाकून नवी पट्टी चिकटवली आणि मग, मोजायची गरज नसतानाही, चालत राहिले. माझ्या टेबलापाशी पोहोचून मी मागे वळले. कपाटांच्या फटीतून ती दिसत होती. तिचे ओठ हलत होते आणि आवाजाची एक पुसट लय माझ्यापर्यंत येत होती. मग तिने पुस्तिका मिटून हात वर केला, पंजा प्रश्नार्थक हलवला. ती मला काहीतरी विचारत होती, हे मला त्या हातावरून कळले.